कवितेचे वृत्त, यमक आणि पुनरावृत्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या महाविद्यालयांत मराठी कविता शिकणारे विद्यार्थी, दहावीच्या मुलांचे रसग्रहण तपासताना अडणारे पालक आणि लोकलच्या प्रवासात मोबाइलवर गझल लिहून पाहणारे नवे कवी यांच्याकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल; एखादा मुद्दा अन्यत्र सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वृत्त, जाती आणि छंद यांत फरक काय? समोरची कविता कोणत्या प्रकारातली आहे, हे कसे ओळखावे?

तिन्ही प्रकारांत मोजण्याची गोष्ट वेगळी असते. अक्षरगणवृत्तात प्रत्येक चरणातील अक्षरांची संख्या ठरलेली असतेच, शिवाय कितवे अक्षर लघू आणि कितवे गुरू (प्रश्न २) हेही ठरलेले असते. जातीत, म्हणजे मात्रावृत्तात, मात्रांची (उच्चाराला लागणाऱ्या वेळाच्या मापांची) बेरीज आणि त्यांचे गट ठरलेले असतात. अक्षरे कमीजास्त झाली तरी चालते. छंदात, म्हणजे ओवी-अभंगासारख्या रचनेत, केवळ अक्षरांची संख्या पाहिली जाते आणि लघुगुरूंचा विचार होत नाही. मराठीतील या तिन्ही प्रकारांची शास्त्रशुद्ध मांडणी माधवराव पटवर्धनांनी, म्हणजेच माधव जूलियन यांनी, ‘छंदोरचना’ या ग्रंथात केली आणि त्याच ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने १९३८ साली त्यांना डी.लिट. ही पदवी दिली.

ओळखण्यासाठी कागद-पेन्सिल घेण्याआधी चार ओळी मोठ्याने वाचाव्यात. प्रत्येक ओळीत तेच चढउतार त्याच जागी येत असतील, तर अक्षरगणवृत्त असण्याची शक्यता आहे. टाळीचा ठेका समान अंतराने पडत असेल, पण शब्द कुठे दाट तर कुठे विरळ असतील, तर ती बहुधा जाती असते. छोटे छोटे तुकडे पडून शेवटचा तुकडा आखूड लागत असेल, तर अभंग किंवा ओवी मोजून पाहावी.

२. लघू आणि गुरू अक्षरे कशी ठरवायची?

अ, इ, उ, ऋ हे ऱ्हस्व स्वर असलेले अक्षर लघू असते आणि त्याची एक मात्रा धरतात. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ हे स्वर असलेले अक्षर गुरू असते आणि त्याच्या दोन मात्रा होतात. ज्या अक्षरावरील अनुस्वार स्पष्ट उच्चारला जातो किंवा ज्याच्यापुढे विसर्ग आहे, तेही गुरू होते: ‘पंथ’मधला ‘पं’, ‘दुःख’मधला ‘दुः’. जुन्या लेखनातील उच्चारात नसलेला अनुस्वार मात्र मोजू नये. अनंत फंदींच्या प्रसिद्ध फटक्यात (उपदेशपर पद्यात) ‘संसारामधिं ऐस आपुला’ असे शब्द आहेत. तेथील ‘धिं’ गुरू धरला, तर सोळाऐवजी सतरा मात्रा होतात आणि सगळा हिशेब बिघडतो. जोडाक्षरापूर्वीच्या अक्षराचा प्रश्न अधिक नाजूक असल्यामुळे तो प्रश्न ४ मध्ये पाहावा.

३. गण कसे पाडतात आणि ते पाठ कसे ठेवायचे?

चरणातील अक्षरांचे सुरुवातीपासून तीन-तीनचे गट करावेत; प्रत्येक गट म्हणजे एक गण. ‘यमाताराजभानसलगम्’ हे एकच सूत्र पाठ असले की आठही गण हाताशी राहतात: ज्या गणाचे नाव हवे, त्या अक्षरापासून सलग तीन अक्षरे घ्यावीत. ‘यमाता’ म्हणजे लगागा (ल म्हणजे लघू, गा म्हणजे गुरू), तो य गण. ‘राजभा’ म्हणजे गालगा, तो र गण.

समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकांतील ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ हा चरण घेतला, तर ‘म-ना-सज्, ज-ना-भक्, ति-पं-थे, चि-जा-वे’ असे चार गट पडतात. चारही य गण आहेत, अक्षरे बारा आहेत, म्हणून हे भुजंगप्रयात. सुरुवात नेहमी याच वृत्तापासून करावी, कारण त्याचा ठेका बहुतेक मराठी माणसांच्या कानात लहानपणापासून असतो.

४. जोडाक्षरापूर्वीचे अक्षर नेहमीच गुरू होते का? नियम लावला की माझी बेरीज चुकते.

नेहमी होत नाही, आणि मराठी वृत्तविचारात सर्वाधिक चुका याच ठिकाणी होतात. संस्कृतचा नियम सरसकट आहे. मराठीत मात्र मागच्या अक्षरावर आघात पडतो की नाही, हे ऐकून ठरवावे लागते. ‘सज्जना’ म्हणताना ‘स’वर ‘ज्’चा भार पडतो, जीभ तेथे थबकते, म्हणून तो गुरू. ‘तुझ्या’ म्हणताना ‘तु’वर असा कोणताही भार येत नाही, ‘झ्या’ एका दमात निघून जातो, म्हणून ‘तु’ लघूच राहतो. ‘पुन्हा’, ‘तुम्ही’, ‘उन्हात’ यांतील पहिली अक्षरे याच कारणाने लघू असतात.

मुंबईचे जगणे कवितेत आणणाऱ्या बा. सी. मर्ढेकरांच्या ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ या ओळीनंतर ‘माना पडल्या, मुरगळल्याविण’ ही ओळ येते. पहिल्या ओळीत आठ अधिक आठ अशा सोळा मात्रा आहेत. ही पादाकुलक जाती. दुसऱ्या ओळीत ‘पडल्या’मधला ‘ड’ आणि ‘मुरगळल्या’मधला ‘ळ’ हे ‘ल्या’च्या आधी आले म्हणून गुरू धरले, तर दोन्ही अर्धे प्रत्येकी नऊ मात्रांचे होतात आणि ओळ लंगडते. त्यांना लघू धरले, की ‘माना पडल्या’ आठ आणि ‘मुरगळल्याविण’ आठ, असा हिशेब चोख लागतो. ओळ मोठ्याने म्हटल्यास कानही हेच सांगतो.

लेखनातून मिळणारी एक चांगली खूण म्हणजे ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांतील फरक. कोळीवाड्यातल्या माणसाचा ‘दर्या’ म्हणताना ‘द’ जड होतो, म्हणून तेथे तो गुरू आहे. सह्याद्रीतल्या ‘दऱ्या’ म्हणताना तो हलकाच राहतो, म्हणून लघू. ‘दुसऱ्या’, ‘कोपऱ्यात’ अशा शब्दांत ‘ऱ्य’मुळे आधीचे अक्षर कधीही गुरू होत नाही.

जोडाक्षर पुढच्या स्वतंत्र शब्दाच्या आरंभी असेल, तर मराठीत मागच्या शब्दाचे अंत्य अक्षर सहसा लघूच राहते, कारण दोन शब्दांमध्ये बारीक विराम असतो. सामासिक शब्दात मात्र असा विराम नसतो. केशवसुतांच्या १८९३ मधील ‘तुतारी’त ‘एक तुतारी द्या मज आणुनि’ या सोळा मात्रांच्या चरणापुढे ‘फुंकिन जी मी स्वप्राणाने’ येते; तेथे ‘प्रा’पूर्वीचा ‘स्व’ गुरू धरला, तरच सोळा मात्रा भरतात.

५. ‘घर’, ‘वाट’ या शब्दांचा शेवटचा ‘अ’ आपण उच्चारत नाही. मग तो मोजायचा का?

अक्षरगणवृत्तात मोजायचाच, तेथे लिहिलेले प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारले जाते, असे गृहीत धरलेले असते. मात्रावृत्तात हा प्रश्न जवळजवळ उरत नाही. ‘घर’ हे ‘घ’ आणि ‘र’ असे सुटे धरले, तर एक अधिक एक अशा दोन मात्रा होतात. ‘घर्’ असे एकच बंद अक्षर धरले, तरी ते गुरू म्हणून दोन मात्राच होतात. आपल्या बोलण्याशी मात्रावृत्त इतके सहज जुळते, त्याचे हे मोठे कारण आहे.

खरी अडचण छंदात येते. तुकोबांच्या ‘सुंदर ते ध्यान’ या अभंगात पहिल्या कडव्याचे चरण सहा, सहा, सहा, चार असे काटेकोर आहेत. पुढे ‘तुळसीहार गळां’ आणि ‘आवडे निरंतर’ या चरणांत लेखी मोजणीने सात-सात अक्षरे निघतात. ‘तुळसी’ बोलताना ‘तुळ्सी’ आणि ‘आवडे’ बोलताना ‘आव्डे’ होते, म्हणून म्हणताना काहीही अडत नाही. अशा ठिकाणी ‘छंदोभंग’ असा शेरा मारू नये. ‘लेखी सात अक्षरे, उच्चारात सहा’ असे नोंदवावे.

६. शुद्धलेखनाप्रमाणे ‘सोडू’ दीर्घ हवे, कवितेत ‘सोडु’ छापले आहे. शिवाय आम्ही बोलताना ऱ्हस्व-दीर्घाचा फरक करतच नाही. मग मोजायचे काय?

कवितेच्या विश्वसनीय प्रतीत जे छापले आहे, ते मोजावे. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनीच पद्यात वृत्ताच्या गरजेपुरते ऱ्हस्व-दीर्घाचे स्वातंत्र्य कवीला दिले आहे, त्यामुळे ‘सोडु’ ही चूक नाही.

रोजच्या बोलण्यात ‘इ’ आणि ‘ई’, ‘उ’ आणि ‘ऊ’ यांची लांबी सैल असते, हे निरीक्षण योग्य आहे, आणि ते फक्त मुंबईपुरते नाही. कवी याच सैलपणाचा उपयोग करून घेतो. ‘बिकट वाट वहिवाट नसावी, धोपट मार्गा सोडु नको’ या चरणात आठ-आठ-आठ-सहा अशा तीस मात्रा आहेत. शेवटच्या सहांत ‘सोडु’च्या तीन आणि ‘नको’च्या तीन मात्रा आहेत, म्हणून तेथे ‘डु’ ऱ्हस्व हवा. लगेच पुढच्या चरणात ‘उगाच भटकत फिरू नको’ येते. तेथे ‘फि’ एकाच मात्रेचा असल्यामुळे ‘रू’ दीर्घ लागतो. त्याच जागी, त्याच स्वराला, लागोपाठच्या दोन चरणांत दोन वेगळ्या लांबी मिळाल्या आहेत. नव्या आवृत्तीत कोणी नियमानुसार ‘सोडू’ असे ‘दुरुस्त’ केले असेल, तर मोजणीत एक मात्रा जास्त निघेल. अशा वेळी कवीला दोष देण्याआधी जुनी प्रत पाहावी. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी त्यासाठी एक फेरी मारणे सार्थकी लागते.

७. मात्रांची बेरीज बरोबर येते, तरी ओळ चालीत बसत नाही. असे का होते?

बेरजेइतकेच महत्त्व गटांना असते. ‘खिडकीतून सागर हा दिसे’ या ओळीत सोळा मात्रा आहेत, पण ‘खिडकीतून’ सात मात्रांवर संपते आणि ‘सा’ हे गुरू अक्षर आठव्या आणि नवव्या मात्रेवर आडवे पडते. ठेका नेमका त्या अक्षराच्या मधोमध येतो. ‘खिडकीमधुनी दिसतो सागर’ अशी ओळ केली, की तोच आशय आणि तेवढ्याच सोळा मात्रा राहतात, पण ‘खिडकीमधुनी’ आठ आणि ‘दिसतो सागर’ आठ, असे स्वच्छ दोन भाग पडतात. म्हणून विश्लेषणात केवळ ‘१६ मात्रा’ न लिहिता ‘८ + ८’ असे लिहावे.

८. आर्या आणि गीती यांत गोंधळ होतो. मोरोपंतांच्या रचनेला आर्या म्हणावे की गीती?

आर्येच्या चार चरणांत अनुक्रमे १२, १८, १२, १५ मात्रा असतात. गीतीत १२, १८, १२, १८. मोरोपंतांची बहुतेक तथाकथित आर्या मोजणीने गीती निघते. ‘आर्या मयूरपंताची’ ही त्यांची कीर्ती ज्या पद्यातून सर्वतोमुखी झाली, तेच मोजून पाहावे: ‘सुश्लोक वामनाचा’ १२, ‘अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची’ १८, ‘ओवी ज्ञानेशाची’ १२, ‘किंवा आर्या मयूरपंताची’ पुन्हा १८. म्हणजे आर्येची प्रशस्तीही गीतीतच आहे. उत्तरपत्रिकेत ‘परंपरेने आर्या, मोजणीने गीती’ असे लिहिणे सर्वांत नेमके ठरते.

९. अभंग आणि ओवी यांत यमक कुठे शोधायचे?

मोठ्या अभंगात दुसरा आणि तिसरा चरण यमकाने जुळतात आणि चौथा आखूड चरण मोकळा राहतो: ‘उभे विटेवरी’, ‘कर कटावरी’, मग ‘ठेवोनिया’. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात आणि ते एकमेकांशी जुळतात, जसे ‘जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले’. ज्ञानेश्वरीच्या ओवीत पहिले तीन चरण जुळतात आणि चौथा सुटा असतो: ‘आद्या’, ‘प्रतिपाद्या’, ‘स्वसंवेद्या’ आणि शेवटी ‘आत्मरूपा’. या ओवीच्या चरणांतील अक्षरसंख्या लवचीक आहे, त्यामुळे तेथे मोजणीपेक्षा यमकाची रचना हीच ओळखीची पक्की खूण आहे.

१०. दोन शब्दांत नेमके किती जुळले म्हणजे यमक झाले? ‘आला’ आणि ‘गेला’ हे यमक आहे का?

शेवटच्या अक्षरासह त्याच्या आधीचा स्वरही जुळला, तर यमक भरीव वाटते. ‘गेला’ आणि ‘नेला’ जुळतात. ‘आला’ आणि ‘गेला’ यांत फक्त ‘ला’ समान आहे, म्हणून ते निसटते यमक आहे. ‘बागेत’ आणि ‘वाटेत’ यांत जुळणारा भाग हा निव्वळ प्रत्यय आहे. संतकवितेत असे प्रत्यय-यमक भरपूर आढळते आणि ते तेथे शोभतेही. आधुनिक भावकवितेत मात्र तेवढ्यावरच भागवलेले असेल, तर तसे स्पष्ट नोंदवावे.

यमक चरणाच्या शेवटीच असते, हा समजही सोडून द्यावा. ‘सुसंगति सदा घडो, सुजन वाक्य कानी पडो’ ही मोरोपंतांच्या ‘केकावली’तील ओळ पृथ्वी वृत्तात आहे. पृथ्वीत सतरा अक्षरे असतात आणि आठव्यावर यती, म्हणजे ठरलेला विराम, असतो. ‘घडो’ नेमका या आठव्या अक्षरावर संपतो आणि ‘पडो’ सतराव्यावर. वृत्ताने जेथे श्वास घ्यायला लावले, तेथेच कवीने यमक ठेवले आहे. वृत्त आणि यमक यांचे असे नाते दाखवता आले, तर ‘अंतर्यमक आहे’ एवढे लिहून थांबण्याची वेळ येत नाही.

११. गझलेतील काफिया, रदीफ आणि अलामत यांना यमकच म्हणायचे का?

काफिया म्हणजे यमक. रदीफ म्हणजे त्यानंतर जसेच्या तसे येणारे शब्द, अर्थात पुनरावृत्ती. अलामत म्हणजे काफियात न बदलणारा, अंत्य अक्षराच्या आधीचा स्वर. या उत्तरासाठीच रचलेल्या दोन ओळी पाहाव्यात:

तुझ्या पावलांना किनारा न होता
मला एकट्याला निवारा न होता

‘न होता’ हा रदीफ, ‘किनारा’ आणि ‘निवारा’ हे काफिये, आणि ‘रा’पूर्वीचा ‘आ’ ही अलामत. पुढच्या शेरात ‘इशारा’ किंवा ‘पहारा’ चालेल, ‘चेहरा’ चालणार नाही. वृत्त भुजंगप्रयातच आहे (प्रश्न ३), आणि ‘तुझ्या’ व ‘एकट्याला’ यांत जोडाक्षरापूर्वीची अक्षरे लघू राहिली आहेत (प्रश्न ४). फटक्यातील ‘सोडु नको’, ‘फिरू नको’ या जोडीतही ‘नको’ हा शब्द पुनरुक्तच आहे. त्याला यमक म्हणताना हा भेद लक्षात ठेवावा.

१२. ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते. ‘नादमाधुर्य वाढते’ याखेरीज त्याविषयी काय लिहावे?

‘नादमाधुर्य’ हा शब्द काही काळ बाजूला ठेवावा. तो कोणत्याही कवितेला लागू पडतो, म्हणून समोरच्या कवितेविषयी काहीच सांगत नाही. त्याऐवजी ध्रुवपद प्रत्येक वेळी कशाच्या पाठोपाठ येते, हे पाहावे. शब्द तेच राहतात, पण आधीचे कडवे बदललेले असते, आणि त्यामुळे त्याच शब्दांचा अर्थ सरकतो.

याचे मला सर्वांत प्रभावी वाटणारे उदाहरण मुंबईच्याच कामगार जीवनातले आहे: शाहीर अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड (शाहिरी गीतप्रकार). मुंबईत पोटासाठी आलेल्या माणसाची मैना ‘गावावर राहिली’ आणि त्याच्या जिवाची ‘काहिली’ होते. आरंभी हे ध्रुवपद एका विरही नवऱ्याचे आहे. मध्ये मुंबईचे वर्णन येते आणि तेथे ‘यंत्राची, तंत्राची’ अशी ‘ची’ने संपणारी पदे एकामागून एक कोसळत जातात. प्रश्न १० मध्ये ज्याला प्रत्यय-यमक म्हटले, तेच येथे शहराची गर्दी कानावर आदळवण्याचे काम करते, त्यामुळे ते दुबळे वाटत नाही. शेवटी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा संदर्भ येतो आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव हे दुरावलेले प्रदेश मैनेच्या जागी उभे राहतात. आता तीच ‘मैना’ आणि तीच ‘काहिली’ साऱ्या मराठी मुलखाची होते. ध्रुवपदातील एकही शब्द न बदलता खासगी दुःख सार्वजनिक झाले आहे. रसग्रहणात लिहायचे ते हे.

पुनरावृत्ती कडव्याच्या आरंभी असेल, तर ती बहुधा आवाहनाचा किंवा आग्रहाचा सूर धरते. एकच शब्द लागोपाठ दोनदा आला असेल, तर बोलीतील द्विरुक्ती (‘हळूहळू’, ‘घरोघरी’) आणि कवीने मुद्दाम केलेली द्विरुक्ती यांत फरक करावा. बोलीतील द्विरुक्तीला काव्यगुण मानण्याची घाई करू नये.

१३. एका चरणात वृत्त मोडलेले आढळले. ती कवीची चूक मानावी का?

आधी स्वतःची मोजणी प्रश्न ४, ५ आणि ६ लक्षात घेऊन पुन्हा करावी, आणि मग छापील प्रत दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहावी. बहुतेक ‘चुका’ या दोन पायऱ्यांत नाहीशा होतात. चरणाच्या शेवटचे लघू अक्षर लांबवून गुरू मानण्याचा संकेतही लक्षात ठेवावा. एवढे करूनही मोड उरली, तर ती कोणत्या शब्दावर आहे, ते पाहावे. भावनेचा किंवा विचाराचा सांधा त्याच शब्दावर बदलत असेल, तर मोड अर्थपूर्ण आहे असे म्हणायला आधार मिळतो. तसा आधार नसेल, तर ‘येथे वृत्त शिथिल आहे’ असे सरळ लिहावे. प्रत्येक त्रुटीला हेतू चिकटवणे हा कवीचा सन्मान नव्हे.

१४. गाण्याच्या चालीवरून वृत्त ठरवता येते का?

नाही. संगीतकार लघू अक्षरही कितीतरी मात्रा ताणू शकतो. एकच अभंग वारकरी भजनात आणि मैफलीत वेगवेगळ्या तालांत गायला जातो. त्याची अक्षरसंख्या मात्र तीच राहते. गाणे विसरून शब्द सपाट आवाजात वाचावेत आणि मगच मोजावे.

१५. मुक्तछंदातील कवितेत मोजण्यासारखे काय असते?

ठरावीक गण किंवा मात्रा नसतात, पण घडण असते. ओळ कोठे तोडली आहे, ती वाक्याच्या शेवटी तुटते की मध्येच, लांब ओळींनंतर अचानक एका शब्दाची ओळ येते का, कोणते शब्द ठरावीक अंतराने परत येतात आणि क्रियापद कोठे ठेवले आहे, हे सर्व दाखवता येते. नारायण सुर्वे यांच्या कवितेत मुंबईच्या रस्त्यावरचे बोलणे जवळजवळ जसेच्या तसे येते. तेथे संवादाची लय, संबोधने आणि प्रश्नार्थक वाक्यांची ठेवण पाहावी. काही कविता दिसायला मुक्त असतात, पण त्यांत आठ मात्रांचे तुकडे वेगवेगळ्या लांबीच्या ओळींत विखुरलेले असतात. म्हणून ‘मुक्तछंद’ असे लिहिण्यापूर्वी पाच-सहा ओळी सलग जोडून, प्रश्न ७ मधील रीतीने आठ-आठ मात्रांवर कापून पाहाव्यात.